प्रीस्टलीचे भिंग आणि चंद्रावरची माती

बहिर्गोल भिंगाने उन्हात कागद पेटविण्याचा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळला असेल. कागदावर प्रकाशाचा ठिपका पडतो, तो लहान लहान करीत न्यावा, मग धूर येतो आणि कागदाला भोक पडते. अगदी ह्याच खेळातून रसायनशास्त्रातील एक फार मोठा शोध लागला आहे. १ ऑगस्ट १७७४ ह्या दिवशी इंग्लंडमधील बोवुड येथे जोसेफ प्रीस्टली ह्यांनी एका काचपात्रात पाऱ्याची तांबडी भस्मभुकटी ठेवली आणि बारा इंच व्यासाच्या भिंगाने तिच्यावर ऊन एकवटले. भुकटी तापली, तिच्यातून पारा सुटा झाला आणि एक वायू बाहेर पडला. त्या वायूत मेणबत्ती धरली तर ती नेहमीपेक्षा कितीतरी जोमाने जळू लागली. हाच आपला ऑक्सिजन. (स्वीडनच्या शेले ह्यांनी तो आधीच मिळविला होता, पण त्यांचे लिखाण छापून यावयास १७७७ साल उजाडले. ऑक्सिजन हे नाव पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिए ह्यांनी दिले.)

ऊन, भिंग आणि एक ऑक्साइड. एवढ्याच सामग्रीवर ऑक्सिजन मिळतो, हे प्रीस्टलींनी दाखविले. आता हाच प्रयोग चंद्रावर करावयाचा, अशी खटपट चालू आहे. तेथे ऊन पुष्कळ आहे. ऑक्साइडांना तर तोटाच नाही. मग अडते कोठे? ते आज पाहू.

दगडातला प्राणवायू

चंद्रावर हवा नाही, म्हणून तेथे ऑक्सिजनही नाही असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी १९६९ ते १९७२ ह्या काळात चंद्रावरून एकूण ३८२ किलोग्रॅम दगडमाती आणली. तिचे पृथक्करण केल्यावर असे दिसले की, वजनाने पाहिले तर तिच्यात शेकडा ४० ते ४५ भाग ऑक्सिजनच आहे! अर्थात तो सुटा नाही. सिलिकॉन, ॲल्युमिनिअम, कॅल्शिअम, लोखंड, मॅग्नेशिअम, टायटॅनिअम ह्या मूलद्रव्यांशी तो जखडलेला आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भारताचे चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले, तेव्हा ‘प्रज्ञान’ ह्या गाडीने लेसरच्या झोताने मातीचा कणभर भाग तापवून त्याच्या प्रकाशाची छाननी केली. तीतही इतर मूलद्रव्यांबरोबर ऑक्सिजनची खूण मिळाली.

ह्यात चंद्राचे काही विशेष कौतुक आहे असे मात्र नाही. चंद्रावर आपल्याला जे काळे डाग दिसतात, ती बेसाल्ट खडकाची मैदाने आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण हाही बेसाल्टच. (चंद्रावरील बेसाल्टात लोखंड आणि टायटॅनिअम अधिक, पाणी जवळजवळ नाही, आणि तो तीन-चार अब्ज वर्षांचा जुना, आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा.) तेव्हा घाटात रस्त्याकडेचा एक किलोचा धोंडा उचललात, तर तुमच्या हातात चारशे ग्रॅमहून अधिक ऑक्सिजन असतो. पृथ्वीवर तो दगडातून काढण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, कारण हवेत तो फुकट आहे.

चंद्रावर राहणाऱ्या माणसाला मात्र तो न्यावा तरी लागेल, नाहीतर तेथे करावा तरी लागेल. एका अंतराळवीराला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. चार माणसे वर्षभर राहावयाची तर सव्वा टन झाला. हा आकडा फार मोठा नाही. खरी भूक आहे ती अग्निबाणाची. द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजनवर चालणाऱ्या अग्निबाणात एक किलो हायड्रोजनमागे साधारण सहा किलो ऑक्सिजन भरतात. म्हणजे टाकीतील सात किलोंपैकी सहा किलो ओझे ऑक्सिजनचेच. परतीच्या प्रवासाचा ऑक्सिजन पृथ्वीवरून न्यावयाचा, तर तो वर नेण्यासाठी आणखी इंधन हवे, ते इंधन उचलण्यासाठी आणखी इंधन हवे, असा हा वाढत जाणारा हिशेब आहे. आणि साठा संपला किंवा टाकी फुटली तर काय होते हे १९७० च्या एप्रिलमध्ये जगाने पाहिले आहे. अपोलो-१३ मधील ऑक्सिजनची एक टाकी वाटेत फुटली आणि चंद्रावर उतरण्याचा बेत सोडून त्या तिघांना कसेबसे घरी यावे लागले.

पकड किती घट्ट?

मग प्रीस्टलींप्रमाणे चांद्रमाती भिंगाखाली धरावी आणि ऑक्सिजन गोळा करावा, असे का करता येत नाही? ह्याचे उत्तर ऑक्सिजनवर कोणाची पकड किती घट्ट आहे, ह्यात आहे. ऑक्साइड मोडून त्यातील ऑक्सिजन सोडविण्यास ऊर्जा लागते. ती दर ऑक्सिजन-अणूमागे मोजली, तर पाऱ्याची पकड १ मानल्यास लोखंडाची ३ भरते, सिलिकॉनची ५, ॲल्युमिनिअमची ६, मॅग्नेशिअमची साडेसहा आणि कॅल्शिअमची ७! प्रीस्टलींच्या नशिबी नेमका ह्यांतील सर्वांत सैल पकडीचा धातू आला. पाऱ्याचे भस्म सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानाला विघटन पावते. चांद्रमाती १२०० अंशांच्या आसपास वितळू लागते, पण ऑक्सिजन सोडत नाही. तिचा नुसता काचरस होतो.

ह्याहून जास्त तापविली तर? २००० अंशांच्या वर आणि निर्वातात काही ऑक्साइडे फुटू लागतात, त्यांची वाफ होते. हा मार्ग अभ्यासला गेला आहे. पण वाफ थंड होताना सुटलेला ऑक्सिजन व धातू पुन्हा एकमेकांना धरू पाहतात. त्यांना तत्काळ विलग करणे हे फार चपळाईचे काम आहे.

तेव्हा नुसत्या उष्णतेने भागत नाही, मध्यस्थ हवा. असा एक मध्यस्थ माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. तो म्हणजे कोळसा.

लोहाराची विद्या, पण उलटी

लोखंडाच्या कारखान्यातील झोतभट्टी आठवा. तीत लोहधातुक म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, कोक आणि चुनखडी घालतात. कोक व त्यापासून होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू धातुकातील ऑक्सिजन ओढून घेतात आणि लोखंड सुटे होते. ह्या क्रियेला क्षपण म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. आपण लोखंड ठेवून घेतो, आणि कार्बनने पळविलेला ऑक्सिजन धुराड्यातून सोडून देतो. चंद्रावर नेमके ह्याच्या उलट करावयाचे. धातू बाजूला टाकावयाचा आणि धूर जपून ठेवावयाचा!

ही कल्पना जुनी आहे. माणूस चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या आधी, १९६० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील सँडर्स रोझेनबर्ग व त्यांचे सहकारी ह्या मार्गाचा विचार करीत होते. त्यांनी कोळशाऐवजी मिथेन वायू घेतला. मिथेनचा एक रेणू म्हणजे एक कार्बन आणि चार हायड्रोजन अणू. क्रिया तीन पायऱ्यांनी होते. त्या नीट पाहू, कारण साऱ्या युक्तीचे मर्म येथेच आहे.

एकवटलेल्या उन्हाने माती १६०० अंशांच्या वर तापवून तिचा रस करतात आणि त्यावर मिथेन सोडतात. तप्त रसाला टेकताच मिथेन फुटतो. त्याचा कार्बन रसात शिरून ऑक्साइडातील ऑक्सिजन घेतो:

धातूचे ऑक्साइड + मिथेन → धातू + कार्बन मोनॉक्साइड + हायड्रोजन

ऑक्सिजन मातीतून सुटला खरा, पण तो आता कार्बनच्या तावडीत आहे. म्हणून बाहेर पडलेले वायू निकेलसारख्या उत्प्रेरकावरून नेतात. येथे ३०० ते ४०० अंश पुरतात:

कार्बन मोनॉक्साइड + हायड्रोजन → मिथेन + पाणी

म्हणजे खर्ची पडलेला मिथेन परत मिळाला, आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने हाती आला. शेवटी पाण्याचे विद्युत् विच्छेदन. ते तर तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत केलेच असेल. त्यातून निघालेला ऑक्सिजन टाकीत आणि हायड्रोजन पुन्हा दुसऱ्या पायरीकडे. दुसऱ्या पायरीत हायड्रोजनचे तीन रेणू लागतात. पहिल्या पायरीतून दोनच येतात. तिसरा येतो तो येथून. समीकरणे संतुलित करून पाहा, हिशेब तंतोतंत जुळतो. मिथेन व हायड्रोजन फिरत राहतात, आणि शेवटी उरते ते एवढेच: मातीतून धातू वेगळा, ऑक्सिजन वेगळा.

पण एक लक्षात ठेवा. कार्बन फिरत राहतो हे कागदावर. प्रत्यक्षात थोडा कार्बन धातूत विरघळून राहतो, थोडा वायू फटींतून निसटतो. एक किलो ऑक्सिजन काढताना पाऊण किलो कार्बन ह्या फेऱ्यातून जातो (अणुभार १२ आणि १६, ह्यावरून ताडून पाहा). त्यातला शेकडा एक भाग जरी वाया गेला, तरी एक टन ऑक्सिजनमागे साडेसात किलो कार्बन पृथ्वीवरून मागवावा लागेल, कारण चांद्रमातीत कार्बन नावापुरताच आहे. गळती शेकडा दहा झाली तर पाऊणशे किलो. माझ्या मते ह्या पद्धतीचे यशापयश भट्टीच्या उष्णतेपेक्षा ह्या गळतीवरच ठरणार आहे.

आरसा केवढा हवा?

चंद्रावर उन्हाला गाळणारे वातावरण नाही. सूर्याकडे तोंड केलेल्या दर चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे १३६० ज्यूल ऊर्जा पडते. आपल्याकडे निरभ्र दुपारीही हजाराच्या आसपासच. एक किलो माती तापवून वितळविण्यास ढोबळमानाने तेवीस लाख ज्यूल लागतात. भागाकार केला, तर एक चौरस मीटरचा आरसा, काहीही वाया गेले नाही असे मानून, अर्ध्या तासाच्या आत एक किलो माती वितळवील. क्षपणाला व विद्युत् विच्छेदनाला लागणारी ऊर्जा वेगळी, आणि वाया जाणारी उष्णता तर पुष्कळच. तरीही काही चौरस मीटरांच्या आरशाने काम सुरू होऊ शकते, हे ह्यावरून दिसते. मातीच्या वजनाच्या शेकडा दहा ऑक्सिजन हाती आला असे धरले, तर एका माणसाच्या दिवसाच्या श्वासाला साडेआठ किलो माती पुरे. एक मोठी बादलीही भरणार नाही.

अशा तापमानाला आरसे पोचतात का? फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात ओदेयो येथे १९७० च्या सुमारास सुरू झालेली सौरभट्टी आहे. डोंगरउतारावरील ६३ सपाट आरसे ऊन फिरवून एका इमारतीएवढ्या अन्वस्ताकार आरशावर टाकतात. (मोटारीच्या दिव्यामागील आरसा असतो त्या आकाराचा, फक्त प्रचंड.) तिच्या नाभीपाशी ३००० अंशांहून अधिक तापमान मिळते. चंद्रावर इतक्या मोठ्या बांधणीची गरज नाही. आरसा मोठा केल्याने तापमान वाढते असे नसते; वाढतो तो ठिपका. तापमान ठरते ते आरशाचा व्यास आणि नाभीय अंतर ह्यांच्या गुणोत्तरावर. ह्याचा उलगडा शेवटच्या प्रयोगात होईल.

दुसरी अडचण भांड्याची. १६०० अंशांचा सिलिकेटांचा रस ज्या भांड्यात ठेवावा त्यालाच खाऊ लागतो. ह्यावर एक गमतीदार तोड काढली आहे: भांडे मातीचेच! चांद्रमाती उष्णतेची फार मंदवाहक आहे. चांद्रयान-३ वरील ‘चेस्ट’ ह्या उपकरणाने मातीत नळी खुपसून तापमान मोजले, तेव्हा पृष्ठभागाशी सुमारे ५० अंश, आणि जेमतेम आठ सेंटिमीटर खाली शून्याखाली दहा अंश! म्हणून मातीचा ढीग घेऊन फक्त मधोमध प्रकाशाचा ठिपका टाकला, तर मध्ये रसाचे तळे होते आणि कडेची माती कोरडीच राहून कढईचे काम करते. प्रकाश मात्र भट्टीच्या पारदर्शक खिडकीतून आत सोडावा लागतो. रसातून उडणारी वाफ त्या खिडकीवर पुटे चढविते, ही डोकेदुखी आहेच.

आणि धूळ! चांद्रमातीचे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार. तेथे वारा-पाऊस नाही, म्हणून त्यांची टोके कधी झिजतच नाहीत. ही धूळ आरशांवर बसते, दारांच्या खाचांत शिरते. भट्टीचे दार दर घाण्याला उघडावयाचे, नवी माती घालावयाची आणि पुन्हा वायू बाहेर जाणार नाही असे घट्ट लावावयाचे. वर सांगितलेली कार्बनची गळती आठवली म्हणजे हे दार किती मोलाचे ते कळेल. शिवाय चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची. त्या काळात सौरभट्टी थंड. म्हणून ध्रुवांजवळच्या उंच कडा हेरून ठेवल्या आहेत. तेथे सूर्य क्षितिजालगत फिरतो आणि वर्षातील बराच मोठा काळ ऊन मिळते.

आतापर्यंत काय झाले?

२०१० साली हवाई बेटावरील मौना केआ ज्वालामुखीच्या उतारावर हा प्रयोग उघड्यावर करण्यात आला. तेथील ज्वालामुखीची राख चांद्रमातीशी बरीच मिळतीजुळती आहे. आरशांनी एकवटलेले ऊन प्रकाशवाहक तंतूंतून भट्टीत नेले आणि राखेतून ऑक्सिजन काढून दाखविला. पण तेथे हवा होती. २०२३ साली ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रात साडेचार मीटर व्यासाच्या एका गोल कोठीतील हवा काढून टाकून, चंद्रासारख्या निर्वातात कृत्रिम चांद्रमातीवर चाचणी झाली. तेथे उन्हाची जागा लेसरने घेतली होती. बाहेर येणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड सापडला. म्हणजे पहिली पायरी निर्वातात चढता येते.

दुसऱ्या वाटाही आहेत. इल्मेनाइट ह्या लोखंड-टायटॅनिअमच्या खनिजावरून तप्त हायड्रोजन नेला तर हजार अंशांखालीही पाणी मिळते. भट्टी सोपी, पण ह्यात लोखंडाशी बांधलेला ऑक्सिजनच काय तो सुटतो. डागांच्या प्रदेशातील मातीत लोखंडाचे ऑक्साइड शेकडा सोळा धरले, तर वजनाच्या शेकडा साडेतीनच ऑक्सिजन. उजळ डोंगराळ भागात लोखंड कमी, तेथे शेकडा एक मिळण्याची मारामार. नेदरलँड्समधील यूरोपीय अवकाश संस्थेच्या प्रयोगशाळेत वितळलेल्या कॅल्शिअम क्लोराइडात कृत्रिम चांद्रमाती ठेवून ९५० अंशांना वीज सोडतात. ह्या रीतीने जवळजवळ सगळा ऑक्सिजन निघतो, पण वीज फार लागते आणि क्षार पृथ्वीवरून न्यावा लागतो. ध्रुवांवरच्या खोल विवरांत बर्फ आहे, तो का वितळवू नये, असे कोणी विचारील. तोही विचार चालू आहे. पण ती विवरे कायम काळोखात, भयंकर थंडीत आहेत. जेथे बर्फ आहे तेथे ऊन नाही; माती मात्र सर्वत्र आहे.

परक्या ग्रहावर ऑक्सिजन बनविण्याचा पहिला मान मंगळाकडे गेला आहे. २०२१ ते २०२३ ह्या काळात तेथील एका उपकरणाने कार्बन डायऑक्साइडपासून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन केला. चंद्रावरच्या मातीतून चंद्रावरच काढलेला ऑक्सिजन अजून कोणाच्या टाकीत पडलेला नाही.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली एक भिंग, पट्टी आणि काळ्या पाषाणाचा सपाट तुकडा घ्या. भिंगातून सूर्याकडे मुळीच पाहू नका. ठिपक्याकडेही टक लावू नका, आणि जवळपास कागद-कापूस ठेवू नका. दगडावर प्रकाशाचा ठिपका लहानात लहान करा. भिंगापासून दगडापर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. ठिपका कितीही प्रयत्न केला तरी बिंदूएवढा होत नाही, कारण तो सूर्याचे चित्र असतो, आणि सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो. चित्राचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाएवढा येतो. १५ सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचा ठिपका १.४ मिलिमीटर. भिंगाचा व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर ऊन किती पटींनी एकवटले? दोन्ही व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग करा: सुमारे १२७५ पट. प्रीस्टलींच्या भिंगाचे नाभीय अंतर वीस इंच होते. त्यांचे ऊन किती पटींनी एकवटले असेल ते काढा. उत्तर चार हजारांच्या थोडे पुढे यावयास हवे. खऱ्या भिंगातील दोषांमुळे ते बरेच कमी भरते. मग ओल्या बोटाने नव्हे, तर पाण्याचा थेंब टाकून दगड पाहा: ठिपका होता ती जागा चुरचुरेल, आणि बोटभर अंतरावरचा दगड जेमतेम कोमट लागेल.